भेट देताना आपण कोणाकडे पाहतो?

डिसेंबर उजाडला की मंडळीतील घरोघर दोन याद्या होऊ लागतात. एक फराळाची आणि दुसरी भेटींची. पहिली यादी सोपी असते. करंज्यांना रवा किती, केकला अंडी किती, हे गेल्या वर्षीच्या वहीत लिहून ठेवलेले सापडते. दुसरी मात्र दर वर्षी नव्याने करावी लागते, आणि तिच्यापाशी घरचा कर्ता माणूस अडतो. वडिलांना काय द्यावे? मेहुण्याला काय? कॉलेजात जाणाऱ्या पुतणीला काय? अशा वेळी कोणीतरी अनुभवी गृहस्थ सल्ला देतो, "ज्याला जो छंद, त्याला त्या छंदाची वस्तू द्या. कधी चुकणार नाही."

हा सल्ला वाईट नाही. मिठाईचा खोका सर्वांना सारखाच वाटण्यापेक्षा तो पुष्कळच बरा. पण "कधी चुकणार नाही" हे त्यातील शेवटचे वाक्य मात्र आम्हांला मान्य नाही. आम्ही चुकलो आहोत, आणि चांगलेच चुकलो आहोत. ती चूक कोठे झाली याचा विचार करता करता एक मोठा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला: दुसऱ्याची आवड ओळखणे म्हणजे त्याच्यावर प्रीती करणे होय काय? नाताळच्या खरेदीला निघण्यापूर्वी वाचकांनीही या प्रश्नाशी घटकाभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.

वर्षाच्या शेवटी भेटी देण्याची रीत फार जुनी आहे. प्राचीन रोमी लोक डिसेंबरातील आपल्या सणात एकमेकांना मेणबत्त्या व मातीच्या लहान मूर्ती देत असत. मार्शल नावाच्या रोमी कवीने तर अशा भेटवस्तूंवर दोन दोन ओळींची कवने रचून त्यांचे एक पुस्तकच केले. पौलाच्या काळातच होऊन गेलेला रोमी तत्त्ववेत्ता सेनेका याने उपकार व देणगी या विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला आहे. भेट घेणाऱ्याला शोभणारी असावी, भर उन्हाळ्यात कोणी हिवाळ्याचे कपडे देऊ नयेत, असे तो त्यात सांगतो. त्याची आणखी एक सूचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दारुड्याला दारू किंवा सदा आजारी असणाऱ्याला औषधे भेट देऊ नयेत, कारण घेणाऱ्याचे वैगुण्य उघड करणारी भेट ही भेट न राहता निंदा होते. आपल्याकडेही दान देताना देश, काळ आणि पात्र पाहावे असे म्हणण्याची जुनी रीत आहे. तेव्हा घेणाऱ्याकडे पाहून द्यावे, हे काही आजच्या दुकानदारांनी शोधून काढलेले नाही. पाहावे, हे सर्वांना मान्य आहे. पण काय पाहावे, येथेच अडचण आहे.

आता आमची चूक सांगतो.

आमच्या वडिलांना घड्याळांचा छंद. बेळगावातील आमच्या घरी भिंतीवर लोलकाची तीन जुनी घड्याळे आहेत. तिन्ही आठ दिवसांच्या किल्लीची. दर रविवारी उपासनेला निघण्यापूर्वी वडील स्टुलावर चढून तिन्हींना किल्ली देत. एखादे मागे पडू लागले की लोलकाखालची चकती किंचित फिरवून लोलक वर घेत, पुढे धावू लागले की खाली सोडत. बंद पडलेली घड्याळे शेजारपाजारचे लोक त्यांच्याकडे आणून देत, आणि ते ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून खोलून बसत. आईची त्यावरून रोज कुरकुर होई.

एका नाताळाला आम्ही विचार केला की वडिलांना घड्याळे आवडतात, तर त्यांना घड्याळच द्यावे. सेलवर चालणारे एक मोठे, देखणे भिंतीवरचे घड्याळ आणले. ते देताना आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आता स्टुलावर चढायला नको. वर्षातून एकदा सेल बदलला की झाले." वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिले. मागची प्लॅस्टिकची डबी पाहिली. "छान आहे," म्हणाले. ते घड्याळ बैठकीत लागले, आणि त्याला जागा करून देण्यासाठी जुन्यांपैकी एक उतरवावे लागले. पुढे काही रविवार आम्ही पाहिले की वडील उरलेल्या दोन घड्याळांना किल्ली देण्याचेही विसरू लागले आहेत. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. परंतु आमच्या भेटीने त्यांना जे सांगितले होते ते त्यांनी नीट ऐकले होते: तुमच्या या कामाची आता घराला गरज नाही.

वडिलांचा छंद आम्हांला ठाऊक होता, तरी भेट चुकली. कारण आम्हांला छंदाचे नाव ठाऊक होते, पण त्या छंदात त्यांचा आनंद कोठे आहे हे आम्ही पाहिले नव्हते. त्यांना घड्याळे हवी होती असे नाही. बंद पडलेले काहीतरी आपल्या हाताखाली पुन्हा चालू लागते, यात त्यांचा आनंद होता. कधीही न बिघडणारे घड्याळ अशा माणसाला देणे म्हणजे पोहणाऱ्याला नाव देऊन "आता हातपाय मारण्याचे कारण नाही" असे सांगण्यासारखे आहे.

पुढच्या वर्षी आम्ही बाजारातील एका जुन्या घड्याळ-दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि वडिलांविषयी विचारले. तो म्हणाला, "ते ना? महिन्यातून एकदा येतात. घड्याळाच्या तेलाचा भाव विचारतात, डोळ्याला लावायचं भिंग हातात घेऊन बघतात, 'पुढच्या खेपेला नेतो' म्हणतात आणि जातात." आम्ही ते भिंग आणि तेलाची लहानशी बाटली घेतली. आदल्या वर्षीच्या घड्याळाच्या मानाने किंमत काहीच नव्हती. नाताळच्या रात्री पाहुणे गेल्यावर वडील ते भिंग डोळ्याला लावून जे बसले, ते झोपायलाच उठेनात. उतरवलेले घड्याळ दुसऱ्या आठवड्यात पुन्हा भिंतीवर चढले. आम्ही दिलेले घड्याळ आता स्वयंपाकघरात आहे, आणि तेथे ते उपयोगी पडते.

आमची दुसरी चूक निराळ्या जातीची होती. आमचा मुलगा शाळेच्या वह्यांच्या मागील पानांवर चित्रे काढतो. हे आम्हांला दिसत होते, पण दिसूनही आम्ही त्याला सामान्यज्ञानाचे एक जाडजूड पुस्तक भेट दिले. त्याचे पुढे भले व्हावे हा हेतू. त्याने आभार मानले, आणि थोड्याच दिवसांत त्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवरही चित्रे निघाली.

त्या वेळी आम्हांला शौल राजाची आठवण झाली. दावीद गल्ल्याथाशी लढण्यास निघाला तेव्हा शौलाने त्याला आपले चिलखत, आपले पितळी शिरस्त्राण आणि तरवार दिली. भेट राजाला शोभेल अशीच होती, आणि त्यामागचा भावही चांगलाच होता. पण शौल हा सर्व लोकांहून खांद्यापासून वर उंच, आणि दावीद मेंढरे राखणारा तरुण. शिवाय त्या वस्तूंचा त्याला सराव नव्हता. त्याने त्या उतरवून ठेवल्या आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेतले. शौलाने दिले ते स्वतःच्या मापाचे होते. आम्हां आईबापांची, आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांचीही, कितीतरी बक्षिसे अशी शौलाची चिलखते असतात. मूल कसे आहे हे न पाहता, ते कसे व्हावे असे आम्हांला वाटते त्याच्या मापाने आम्ही ती बेततो. मुलाला वळण लावू नये असे आमचे म्हणणे नाही. वळण वर्षभर लावावे, आणि पाठ्यपुस्तक लागेल तेव्हा घेऊन द्यावे. पण त्याला भेट हे नाव देऊन, त्याबद्दल आभाराची अपेक्षा करू नये.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "तर मग नीट निरखून पाहावे, म्हणजे झाले." एवढ्यानेही प्रश्न संपत नाही. पवित्र शास्त्रातच एक घर असे आहे की तेथे आवड अगदी बारकाईने ओळखली गेली आणि तरीही अनर्थ झाला. वृद्ध इसहाकाला शिकारीच्या मांसाचे रुचकर पक्वान्न आवडत असे. ते त्याला कसे हवे असते, हे रिबकेला पुरतेपणी ठाऊक होते. तिने कळपातील दोन करडे आणवून अगदी नवऱ्याच्या आवडीचे पक्वान्न रांधले, आणि एसावाची वस्त्रे घातलेल्या याकोबाच्या हाती ते पाठवले. पक्वान्नात काही उणे नव्हते. इसहाक जेवलाही. परंतु त्या पानाने एका आंधळ्या बापाची फसवणूक झाली, आणि दोघे भाऊ कित्येक वर्षे एकमेकांना दुरावले.

म्हणजे दुसऱ्याची आवड जाणणे ही एक शक्ती आहे. ती प्रीतीच्या हाती लागेल तशी स्वार्थाच्याही हाती लागते. वरिष्ठाला कोणती वस्तू आवडते हे खुशामत करणाऱ्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आज तर आपल्या खिशातील मोबाईलही आपली आवड ओळखतो. काल आपण मासे धरण्याच्या गळाची चौकशी केली असेल, तर आज तो आपल्यापुढे दहा प्रकारचे गळ मांडतो. त्याला आपली आवड कळली, पण आपले सुखदुःख त्याला नाही. त्याला आपल्याकडून काहीतरी हवे आहे, म्हणून तो आपल्याकडे पाहतो. तेव्हा भेट निवडताना स्वतःला हा प्रश्न अवश्य विचारावा: या माणसाची आवड मी कशासाठी हुडकीत आहे? त्याला आनंद व्हावा म्हणून, की त्याने माझे ऐकावे, माझ्या चुका विसराव्यात, चारचौघांत माझे नाव घ्यावे म्हणून? उत्तर नेहमीच शुद्ध येईल असे नाही. आमचे येत नाही. पण विचारल्याने हात थोडा सैल सुटतो, आणि दिलेल्याची आठवण करून देण्याची जीभेची सवय कमी होते.

आता सर्वांत अवघड गोष्ट.

घरातील प्रत्येकाच्या नावापुढे छंद लिहून आम्ही एकदा यादी केली. वडील, घड्याळे. भाऊ, क्रिकेट. पत्नी, विणकाम. मुलगा, चित्रे. आईच्या नावापुढची जागा कोरी राहिली. दर वर्षी तिला साडी किंवा स्वयंपाकघरातील काहीतरी दिले जाई. कुकर झाला, मिक्सर झाला. या भेटी आईला नव्हत्याच. त्या घराला होत्या, फक्त त्यांच्यावर नाव आईचे होते. आम्ही तिला विचारले, "आई, तुला काय आवडतं गं?" ती म्हणाली, "तुम्हां सगळ्यांना आवडतं तेच." हे उत्तर आम्हांला इतके गोड वाटले की त्या वर्षी मातृदिनाच्या उपदेशात आम्ही ते दृष्टान्त म्हणून सांगितले. मंडळीनेही माना डोलावल्या.

काही दिवसांनी मावशी आली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "ताई लग्नाआधी देवळात पेटी वाजवायची. गाणारे चुकायचे, पण ताईची बोटं चुकायची नाहीत." आम्ही आईकडे पाहिले. आई भांडी लावीत होती. या घरात येऊन तिला ४५ वर्षे झाली होती आणि आम्हांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. कोणी लपवले नव्हते. कोणी विचारले नव्हते, एवढेच. आणि विचारले तेव्हा फार उशिरा, तेही साडी घ्यायची की मिक्सर एवढे ठरविण्यापुरते.

मग आम्हांला उमगले की आईला छंद नव्हता असे नाही, तर छंदाला लागते ती सवड या घराने तिला ठेवली नव्हती. वडिलांनी जेवणाच्या टेबलावर घड्याळ पसरावे आणि आईने ते टेबल जेवणापूर्वी मोकळे करावे, अशी आमच्या घराची घडी होती. तिचे उत्तर आम्ही उपदेशात सांगितले ते त्याग म्हणून. त्यात त्याग होता हे खरेच, पण त्याग तिचा आणि सोय आमची होती. दुसऱ्याच्या सोशिकपणाची स्तुती करणे सोपे असते, कारण स्तुती केली की ओझे उचलावे लागत नाही. ज्याच्या नावापुढची जागा कोरी राहते, त्याच्याविषयी "याला कसलीच आवड नाही" असे म्हणण्यापूर्वी आपण त्याचा किती वेळ घेतला आहे याचा हिशेब करावा. हा प्रीतीचा नव्हे, आधी न्यायाचा प्रश्न आहे.

त्या नाताळाला आम्ही आईला एक दुपार दिली. दर गुरुवारी दुपारचा चहा आणि रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे व आमच्या भावाकडे. पाळकसाहेबांनी देवळाची किल्ली देण्याचे कबूल केले, कारण पेटी तेथे होती. पहिल्या गुरुवारी ती गेलीच नाही. दुसऱ्या गुरुवारी गेली आणि "बोटं आता वळत नाहीत" म्हणून लवकर परतली. तिसऱ्या गुरुवारी तिला बोलवायला माणूस पाठवावा लागला. आमच्या हातच्या पोळ्यांविषयी काही न लिहिलेले बरे.

यात एक मोह आम्हांला आवरावा लागला. ती बरी वाजवू लागली तेव्हा, "रविवारी उपासनेत वाजव ना" असे म्हणण्याचे आमच्या अगदी ओठावर आले होते. मंडळीला वाजवणाऱ्याची गरजही आहे. पण आम्ही गप्प राहिलो. तसे म्हटले असते तर तिची ती दुपारही पुन्हा आमच्या उपयोगाची झाली असती. ती आपण होऊन वाजवील तर देवाचे आभार मानू. नाही वाजवले तरी ती दुपार तिची आहे. छंदाचा कोणाला उपयोग नसतो, म्हणून तर तो छंद.

आणखी दोन शंका उरतात. पहिली अशी की, प्रत्येकाला त्याच्या छंदाप्रमाणे दिले तर खर्च सारखा होत नाही. एकाला क्रिकेटची बॅट आणि दुसऱ्याला रंगाची पेटी, मग घरात कुरबुर होणार नाही काय? होते. याकोबाने एकट्या योसेफाला पायघोळ झगा दिला, आणि त्याच्या भावांच्या मनात जे विष शिरले त्याचा शेवट २० रुप्यांच्या सौद्यात झाला. पण तेथे भावांना केवळ झग्याची किंमत खुपली असे आम्हांला वाटत नाही. बापाची नजर एकाच्याच अंगावर मापे घेत होती, हे त्यांना खुपले. म्हणून किमती सारख्या नसल्या तरी चालेल, पण लक्ष सारखे असावे. मुलांना दुकानातील चिठ्ठीपेक्षा हे अधिक अचूक समजते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. दाराबाहेर भुकेले लोक असताना घरच्यांच्या छंदांवर खर्च करावा काय? ही शंका बेथानीत त्या स्त्रीने सुगंधी तेलाची कुपी फोडली तेव्हाही निघाली होती. ते तेल ३०० दीनारांहून अधिक किमतीचे होते, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षभराची कमाई एका घटकेत सांडली. प्रभूने तिला दोष दिला नाही. परंतु त्याच वेळी, गरीब तुमच्याजवळ आहेतच आणि त्यांचे भले तुम्हांला वाटेल तेव्हा करता येते, याची आठवणही दिली. म्हणजे एक कर्तव्य दुसऱ्याचा शत्रू नव्हे. आम्ही आमच्यापुरता असा नियम केला आहे की घरच्या भेटींवर जेवढा खर्च, तेवढेच घराबाहेरील गरजवंतांसाठी वेगळे काढावे. असे केले म्हणजे घरच्या भेटी आपोआप साध्या होतात, आणि साधी भेट निवडायची तर माणसाकडे अधिक पाहावे लागते. तेलाची बाटली पैशाने सुचत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सूचना. वर्गातील मुलांना यंदा भेटवस्तू करण्यास सांगण्यापूर्वी एक आठवडा नुसते पाहण्यास सांगा. आजोबा कोणत्या वेळी गुणगुणतात? ताई कोणत्या कामाला बसली की हाक ऐकत नाही? आईला कोणी काही न सांगता ती काय करते? मुलांना लिहून आणू द्या. आणि एखाद्या मुलाने "आईला वेळच नसतो" असे लिहून आणले, तर ते उत्तर चूक म्हणून खोडू नका.

पाहून न समजल्यास विचारावे, आणि कोणी विचारल्यास मोकळेपणाने सांगावे. पौलासारखा प्रेषित तुरुंगातून तीमथ्याला लिहितो तेव्हा त्रोवसात कार्पाकडे राहिलेला आपला झगा, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे घेऊन ये, असे स्पष्ट सांगतो, आणि हिवाळ्यापूर्वी ये असेही सांगतो. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. "मला काही नको" हे उत्तर नेहमीच नम्रतेचे असते असे नाही. कधी कधी त्यामुळे प्रीती करणाऱ्यालाच दाराबाहेर उभे राहावे लागते.

शेवटी हन्नेकडे पाहू. तिने आपला लहान शमुवेल शिलो येथे देवाच्या सेवेस दिला होता. वर्षातून एकदा, वार्षिक यज्ञासाठी नवऱ्याबरोबर जाई तेव्हा ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेई. मुलगा डोळ्यांपुढे नाही, आणि तो तर वाढतो आहे. तेव्हा दर वर्षी कापड कापताना तिला थांबून विचार करावा लागला असेल की आता त्याचे खांदे कोठवर आले असतील, हात किती लांब झाले असतील. झगा वर्षातून एकदा पोहोचे, पण त्याचे माप ती वर्षभर मनात घेत असली पाहिजे.

आमच्या घरची यंदाची यादी अजून पुरी झालेली नाही. आईच्या नावापुढची जागा या वेळी कोरी नाही. पण भावाच्या नावापुढे अजून "क्रिकेट" एवढेच लिहिलेले आहे, आणि तो अलीकडे सामने पाहत नाही हे आमच्या आता ध्यानात येत आहे. बाजारात जाण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा जाऊन बसावे म्हणतो.